हौस, नोकरी आणि लिलाव : महाराष्ट्रातील कबड्डी आणि कार्यकर्त्याचे स्थान

प्रस्तावना

मराठीतील क्रीडाविषयक लेखन बहुतांशी खेळाडूंची चरित्रे, स्पर्धांची वृत्ते आणि नियमांची माहिती या तीन प्रकारांत मोडते. खेळ उभा करणारा, परंतु स्वतः कोणत्याही गुणपत्रकात न दिसणारा कार्यकर्ता या लेखनात क्वचितच आढळतो. मैदान आखणारा, वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा, संध्याकाळी मुलांना चढाई-पकडीचे धडे देणारा आणि सुट्टीच्या दिवशी पंचाची शिट्टी गळ्यात अडकवणारा हा माणूस कोणत्याही मोबदल्याविना काम करत आला आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या माणसाच्या श्रमातून घडलेल्या खेळाला प्रथमच मोठा बाजारभाव मिळाला. त्यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. कबड्डीला आता सोन्याचे दिवस आले, ही एक. आणि पैशाने खेळाचा आत्मा हिरावला, ही दुसरी. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करून, मोबदला असावा की नसावा यापेक्षा खेळाडू जेथे घडतो तेथपर्यंत तो मोबदला पोचतो का, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, अशी मांडणी केली आहे.

'हौशी' या संज्ञेचा विचार

मराठीत 'हौशी' आणि 'व्यावसायिक' हा भेद नाट्यव्यवहारामुळे सुपरिचित आहे. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धेला १९५४ मध्ये प्रारंभ झाला आणि हौशी रंगभूमी हा व्यावसायिक रंगभूमीला पर्याय ठरणारा, प्रयोगशील प्रवाह म्हणून मान्यता पावला. क्रीडाक्षेत्रात मात्र हा शब्द इंग्रजी 'अ‍ॅमॅच्युअर' या संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून आला आणि त्या संज्ञेबरोबर तिचा इतिहासही अजाणतेपणी स्वीकारला गेला.

तो इतिहास निर्मळ नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हौशीपणाची व्याख्या पैशाच्या आधारे जशी झाली, तशीच ती वर्गाच्या आधारेही झाली. हेन्ले येथील नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांनुसार कारागीर आणि मजूर यांना हौशी मानले जात नसे. हाताने काम करून पोट भरणारा माणूस केवळ त्या कारणाने स्पर्धेस अपात्र ठरे. उत्तर इंग्लंडमधील रग्बी क्लबांनी, सामन्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, अशी मागणी केली. ती नाकारली गेल्याने १८९५ मध्ये रग्बीची दोन शकले झाली. स्टॉकहोम येथील १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम थॉर्पची पदके पुढील वर्षी काढून घेण्यात आली, कारण त्याने पूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळले होते. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. तात्पर्य, पाश्चात्त्य हौशीपणाच्या आदर्शामागे ज्यांना कमावण्याची निकड नव्हती अशा वर्गाचे हितसंबंध होते.

महाराष्ट्रातील कबड्डीचे हौशीपण याच्या नेमके उलट आहे. येथे हौस केली ती गिरणीतून पाळी संपवून आलेल्या कामगाराने, शेतावरून परतलेल्या तरुणाने आणि कनिष्ठ वेतनश्रेणीतील कारकुनाने. ही हौस फावल्या वेळाच्या समृद्धीतून आली नाही. अपुऱ्या वेळातून आणि तुटपुंज्या पगारातून बाजूला काढलेला तो वाटा होता. म्हणून पाश्चात्त्य हौशीपणावरील टीका मराठी कार्यकर्त्याला सरसकट लागू करणे अन्यायाचे ठरेल. त्याचबरोबर, त्याने फुकट काम केले म्हणून पुढील पिढीनेही ते फुकटच करावे, असे म्हणणेही त्याच जुन्या इंग्रजी आदर्शाची पुनरावृत्ती ठरेल.

संघटनेची जडणघडण

महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडुडु, तामिळनाडूत चेडुगुडू अशा नावांनी ओळखला जाणारा हा खेळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध झाला. संजीवनी, गामिनी आणि अमर या प्रकारांपैकी बाद झालेला खेळाडू पुन्हा खेळात येऊ शकतो, हे संजीवनीचे तत्त्व आजच्या खेळाचा पाया ठरले. पुण्यातील डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी नियमांना आकार दिला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत कबड्डीचा समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघाची स्थापना झाली आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुनर्रचित झालेल्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातच 'अ‍ॅमॅच्युअर' हा शब्द धारण केला.

या वाटचालीत शंकरराव तथा बुवा साळवी यांचे कार्य सर्वश्रुत आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांचे मोठेपण केवळ त्यांच्या प्रवासात वा वक्तृत्वात नव्हते. जिल्हा संघटना, पंच परीक्षा, वयोगटानुसार स्पर्धा आणि निवड चाचण्या अशी उतरंड उभी राहिली, ती त्यांच्यासारख्या संघटकांच्या पिढीमुळे. १९७८ मध्ये आशियाई संघटना स्थापन झाली, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९० मध्ये बीजिंग येथे पदकाचा खेळ बनली. कोणत्याही वाहिनीचे वा मोठ्या पुरस्कर्त्याचे पाठबळ नसताना एक ग्रामीण खेळ आशियाई पातळीवर पोचला, ही स्वयंसेवी संघटनेची असाधारण कामगिरी मानावी लागेल.

मैदानाच्या पातळीवर या कामगिरीचा आधार मंडळ हा होता. लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी या गिरणगावातील वस्त्यांत गणेशोत्सव, व्यायामशाळा आणि कबड्डीचा संघ यांचे कार्यकर्ते बहुधा तेच असत. मातीतील खडे वेचणे, पाणी मारणे, फक्कीने रेषा आखणे, बाहेरगावच्या संघाची निवास-भोजनाची सोय पाहणे ही कामे वाटून घेतली जात. त्यांचा हिशेब पैशात कधी मांडला गेला नाही. आणि पुढे जेव्हा खेळाचे मूल्य पैशात मोजले जाऊ लागले, तेव्हा ही कामे त्या मोजणीत शून्य धरली गेली.

नोकरीचा मध्यम मार्ग

हौस आणि बाजार यांच्या मध्ये महाराष्ट्राने एक तिसरी व्यवस्था निर्माण केली होती. कबड्डीच्या स्पर्धापत्रिकांत 'व्यावसायिक गट' हा शब्दप्रयोग लीग येण्यापूर्वीपासून आहे. त्याचा अर्थ मानधन घेऊन खेळणारे खेळाडू असा नाही. बँका, रेल्वे, तेल कंपन्या, पोलीस दल आणि खासगी कारखाने यांच्या संघांचा तो गट. खेळाडूला खेळासाठी थेट पैसे मिळत नसत. मिळे ती नोकरी. सरावासाठी सवलत आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती हे त्याचे पारितोषिक होते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी या व्यवस्थेला व्यापक कामगारवर्गात स्थान दिले.

या व्यवस्थेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. नोकरी मिळालेला खेळाडू आपल्या मूळ मंडळाशी जोडलेला राही. तिशी ओलांडल्यावर तोच प्रशिक्षक, पंच वा मंडळाचा कार्यवाह होई. म्हणजे कंपनीचा पगार अप्रत्यक्षपणे मंडळातील स्वयंसेवेला आधार देत असे. मोबदला आणि स्वयंसेवा परस्परविरोधी असतात, हे गृहीतक येथे खोटे ठरते. पोटाची चिंता मिटलेला माणूसच दीर्घकाळ निरपेक्ष काम करू शकतो.

ही व्यवस्था लीगने मोडली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा आर्थिक पायाच ढासळला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळण्याची आशा निर्माण केली होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता मर्यादित केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. चाळीलगतच्या मैदानांचा जो संकोच झाला, त्याचे मूळ जमिनीच्या भावात आहे. कार्यकर्त्यापुढे लीगचा लिलाव आला, त्याच्या कितीतरी आधी त्याच्या पायाखालच्या जमिनीचा लिलाव झाला होता. खेळाच्या व्यापारीकरणाची चर्चा करताना ही पार्श्वभूमी वगळली, तर दोषाचे वाटप चुकीचे होते.

लीग : लाभाची बाजू

लीगचे लाभ नाकारता येणार नाहीत. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली १२.८० लाख रुपयांची होती. २०१८ मध्ये ती १.५१ कोटींवर गेली आणि २०२३ मध्ये २.६०५ कोटींवर पोचली. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १.४५ कोटी रुपयांना करारबद्ध झाला. २०२४ च्या मार्चमध्ये दहाव्या हंगामाचे विजेतेपद पटकावणाऱ्या पुणेरी पलटणचे नेतृत्व अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम इनामदारने केले. ग्रामीण, अल्पभूधारक वा कष्टकरी कुटुंबांतील तरुणांना स्वतःच्या शरीरकौशल्याचे मूल्य एवढ्या प्रमाणात मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी हा मोबदला नाकारून परंपरेचे पावित्र्य राखावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार सुस्थित प्रेक्षकाला नाही.

लीगमुळे ज्ञानालाही मूल्य आले. तथापि येथे एक महत्त्वाचा विरोधाभास दिसतो. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघ उपान्त्य फेरीत इराणकडून पराभूत झाला आणि महिला संघाला अंतिम सामन्यात इराणनेच नमवले. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्रातील मैदानांवर अनेक दशके मुली घडवणाऱ्या प्रशिक्षिकेच्या ज्ञानाचे चीज परदेशी संघाच्या सुवर्णपदकाने व्हावे, यातून बाजाराची शक्ती जितकी दिसते, तितकीच घरच्या व्यवस्थेची उदासीनताही दिसते.

महिला कबड्डीबाबत ही उदासीनता अधिक ठळक आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगसोबत तीन संघांची महिला स्पर्धा घेण्यात आली. प्रो कबड्डीने ती पुढील हंगामात चालू ठेवली नाही. महाराष्ट्रात मात्र मुंबईच्या शिवशक्ती महिला संघासारख्या वा पुण्याच्या राजमाता जिजाऊ संघासारख्या संस्था वर्षानुवर्षे मुलींचे संघ उतरवत आहेत. बाजार जेथे परतावा दिसत नाही तेथून सहज माघार घेतो. कार्यकर्त्याला तशी माघार घेता येत नाही, कारण उद्या संध्याकाळी मुली मैदानावर येणारच असतात.

खेळाच्या रूपात झालेले बदल

माती जाऊन मॅट आली, ती लीगच्या आधीच, आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या गरजेतून. परंतु दूरचित्रवाणीने मॅटवरील खेळ हेच कबड्डीचे एकमेव प्रमाणरूप ठरवले. मातीवर सराव करणाऱ्या खेळाडूला मॅटवर निवड चाचणी द्यावी लागते. पायाची पकड, वळण्याची गती, पडण्याची रीत या सर्वच बाबतींत दोन्ही पृष्ठभागांच्या मागण्या भिन्न आहेत. पूर्वी कबड्डीला साहित्याचा खर्च जवळपास नव्हता आणि म्हणूनच ती गरिबांचा खेळ होती. मॅट आणि बूट यांच्यामुळे आता खेळात प्रवेश करण्यालाच किंमत पडते. हा खर्च भागवण्यासाठी मंडळाला स्थानिक पुढाऱ्याच्या दारी जावे लागते आणि मग मैदानाभोवती खेळाडूंच्या नावांपेक्षा पुढाऱ्यांचे फलक मोठे दिसतात.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. कबड्डीत चढाईचे मूळ माप 'दम' हे होते. श्वास न तोडता 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार चालू ठेवणे, हीच चढाईची मर्यादा आणि हेच तिचे सौंदर्य. तीस सेकंदांचे घड्याळ आल्यावर दम नियमात राहिला, पण निर्णायकपणा घड्याळाकडे गेला. तिसरी 'करा किंवा मरा' चढाई आणि तीन वा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीस मिळणारा जादा गुण यांमुळे रेंगाळणारा खेळ वेगवान झाला, हे मान्य करावे लागेल. प्रेक्षकाला क्षणाक्षणाला निकाल दिसू लागला. परंतु दम अजमावत, निदान रेषेपाशी प्रतिस्पर्ध्याची परीक्षा पाहत केलेली संयमी चढाई मागे पडली. नियम बदलावेतच, हुतुतूपासून ते बदलत आले आहेत. फरक इतकाच, की पूर्वीचे बदल खेळणाऱ्यांच्या आणि पंचांच्या अनुभवातून पुढे येत, आता त्यांत प्रक्षेपणाच्या गरजेचा वाटा मोठा आहे. या चर्चेत जिल्ह्याच्या पंचाला स्थान उरलेले नाही.

तिसरा बदल वेळापत्रकाचा. २०१४ चा हंगाम आठ संघांचा आणि सुमारे पाच आठवड्यांचा होता. २०१७ मध्ये संघ बारा झाले आणि हंगाम तीन महिन्यांचा झाला. करारबद्ध खेळाडू दुखापतीच्या भीतीने गावच्या मैदानापासून दूर राहिला, तर त्याला दोष देता येत नाही. पण ज्या स्पर्धेत नामांकित खेळाडू उतरत नाही, तिची वर्गणीही आटते. महासाथीमुळे २०२०चा हंगाम रद्द झाला आणि त्यानंतरचा हंगाम डिसेंबर २०२१ पासून बंगळुरूत एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. तो नाइलाज होता. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. लीग स्थानिक प्रेक्षकाविना होऊ शकते. मंडळाची स्पर्धा होऊ शकत नाही.

कार्यकर्ता-परंपरेच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून कार्यकर्त्याचे उदात्तीकरण करण्याचा मोह होणे शक्य आहे. तो टाळला पाहिजे. निरपेक्ष सेवेच्या नावाखाली संघटनांतील पदे वर्षानुवर्षे त्याच हातांत राहतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद जवळपास तीन दशके एका व्यक्तीकडे आणि त्यानंतर तिच्याच पत्नीकडे होते. माजी खेळाडूंनी दाद मागितल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या व्यवस्थेवर प्रहार करून प्रशासक नेमला. निर्वाचित मंडळाकडे कारभार सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. म्हणजे नावात 'हौशी' असणारी संघटनाही सत्तेच्या बाबतीत निर्मोही नव्हती.

मैदानावर राबणारा कार्यकर्ता आणि संघटनेचा पदाधिकारी यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक आहे. दोघेही स्वतःला स्वयंसेवक म्हणवतात. पण निवड, दौरे आणि मान यांचे वाटप दुसऱ्याच्या हाती असते. लीगकडून येणारा निधीही या दुसऱ्या पातळीवर पोचतो. तो खाली झिरपण्याची कोणतीही हमी रचनेत नाही. म्हणून 'लीग विरुद्ध कार्यकर्ता' हे द्वंद्व अपुरे आहे. त्यात 'पदाधिकारी विरुद्ध कार्यकर्ता' हा जुना आणि घरचा संघर्ष झाकला जातो.

पर्यायांची दिशा

फुटबॉलमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर २००१ पासून अमलात आहे. खेळाडूचे करारकाळात दुसऱ्या क्लबकडे सशुल्क हस्तांतर झाले, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंत वाटा, त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. कबड्डीतील लिलावाचे स्वरूप वेगळे असले, तरी तत्त्व लागू होऊ शकते. दोन कोटींच्या बोलीवर पाच टक्के म्हणजे दहा लाख रुपये होतात. एखाद्या तालुक्याच्या मंडळाला मॅट, प्रशिक्षकाचे मानधन आणि मुलींच्या संघाचा प्रवासखर्च यांसाठी ही रक्कम मोठी आहे. मात्र त्यासाठी खेळाडूची किशोर गटापासूनची नोंद जपावी लागेल आणि मंडळांना आपले हिशेब चोख ठेवावे लागतील. वाटा मागायचा, तर वही उघडी ठेवण्याची तयारी हवी.

दुसरा मार्ग कायद्याने खुला केलेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च सामाजिक दायित्वात धरला जातो. हा निधी झगमगीत स्पर्धांऐवजी पंच, प्रशिक्षक आणि मैदान यांच्याकडे वळवता येईल. महाविद्यालयांची भूमिकाही येथे निर्णायक आहे. शहरांत उरलेल्या मैदानांपैकी अनेक शिक्षणसंस्थांच्या ताब्यात आहेत. शारीरिक शिक्षण विभागाने सायंकाळी ती मंडळांना खुली केली आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना गुणलेखन व पंचगिरी शिकवली, तर कार्यकर्त्यांची पुढील फळी तयार होण्यास मदत होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यामुळे महासंघांच्या निवडणुका आणि पारदर्शकता यांना वैधानिक अधिष्ठान मिळाले. तो केवळ दिल्लीतील पदांपुरता राहिला, तर जिल्ह्याच्या पातळीवर काहीही बदलणार नाही.

समारोप

कबड्डीच्या मराठी इतिहासात हौस, नोकरी आणि लिलाव अशा तीन अवस्था दिसतात. पहिलीत कार्यकर्ता खेळाचा मालक होता, कारण दुसरा कोणी वारस नव्हता. दुसरीत नोकरीने त्याला स्थैर्य दिले आणि त्या स्थैर्यातून स्वयंसेवा टिकली. तिसरीत खेळाडूला त्याचे मोल मिळाले, परंतु त्याला घडवणारा हिशेबाबाहेर राहिला. पैसा आला हे या तिसऱ्या अवस्थेचे वैगुण्य नव्हे. तो खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबला, हे तिचे वैगुण्य आहे. २०२२ मध्ये खो-खोचीही व्यावसायिक लीग सुरू झाली, त्यामुळे हा प्रश्न आता एका खेळाचा राहिलेला नाही.

संजीवनी कबड्डीचा नियम असा, की संघाने गुण मिळवला की बाद झालेला खेळाडू उठतो. वर कमावलेल्या गुणाने बाहेर बसलेल्याला पुन्हा मैदानात आणणे, हे तत्त्व या खेळाच्या नियमपुस्तिकेत पूर्वीपासून आहे. खेळाच्या अर्थव्यवहारात ते उतरवणे एवढेच काम उरले आहे. ते झाले नाही, तर लीगला आणखी काही वर्षे तयार खेळाडू मिळत राहतील. पण त्यांना घडवणारी मैदाने एकेक करून बंद पडलेली असतील.